हजेरीपट सरकारच्या कपाटात आहे

प्रति,
माननीय संरक्षणमंत्री,
भारत सरकार, नवी दिल्ली

महोदय,



मी फौजेतला बाबू. १९८० ला भरती झालो, २००८ ला सुभेदार म्हणून पेन्शन आलो, आणि मधल्या अठ्ठावीस वर्षांत रायफलीपेक्षा टाइपरायटर जास्त चालवला. हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढे जी चूक सांगणार आहे ती माझ्यासारख्याच कुणा बाबूच्या हातची आहे. त्यामुळे या पत्राला तक्रार म्हणायचे की कबुलीजबाब, ते आपणच ठरवा.

आमचा जिल्हा सातारा. अपशिंगे गावाला इकडे 'अपशिंगे मिलिटरी' म्हणतात. पहिल्या महायुद्धात त्या एका गावचे ४६ जवान गेले. माझे गाव एवढे नावाजलेले नाही, पण सकाळी चहा झाला की माझ्या ओट्यावर चार-पाच माजी सैनिक हमखास बसलेले असतात. कुणाचा हयातीचा दाखला अडलेला असतो, कुणाचे पेन्शनच्या 'स्पर्श' पोर्टलवर आडनाव चुकलेले असते, कुणाच्या बायकोची जन्मतारीख रेकॉर्डमध्ये एक आणि आधारवर दुसरीच असते. बाबू पेन्शनीत निघाला तरी कागद त्याला सोडत नाहीत.

असेच एकदा आमचे तात्या डिस्चार्ज बुक घेऊन आले. नातवाच्या कॉलेजसाठी जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात झेरॉक्स द्यायची होती. प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळलेले बुक, पिशवी पत्र्याच्या डब्यात, डबा धोतराच्या फडक्यात. एवढ्या निगुतीने बँकेची पासबुकेसुद्धा कुणी ठेवत नाही. मी सवयीने पदकांच्या रकान्यावर बोट ठेवले. तीन नोंदी होत्या. सैन्य सेवा मेडल, नऊ वर्षांचे लाँग सर्व्हिस मेडल आणि स्वातंत्र्याच्या पंचविसाव्या वर्षाचे मेडल.

त्या तिसऱ्या नोंदीवर माझे बोट अडले. ते मेडल १५ ऑगस्ट १९७२ ला सेवेत असलेल्यांचे. म्हणजे त्या दिवशी तात्या फौजेत होते हे फौजेला नीट माहीत आहे. त्याच्या आठ महिने आधी, १९७१ च्या डिसेंबरात, ते कुठे होते याचा मात्र रकान्यात पत्ता नाही. पूर्व आघाडीवरच्यांना मिळालेला 'पूर्वी स्टार' नाही. संग्राम मेडलसुद्धा नाही, जे त्या काळात सीमेलगतच्या राज्यांत असलेल्या जवळजवळ प्रत्येक जवानाच्या छातीवर आले.

"तात्या, एकाहत्तरला कुठं होता?" मी विचारले.

"कुठं म्हंजे? ढाक्याला."

तात्या एएससीचे, म्हणजे फौजेच्या रसद-वाहतूक दलाचे, ड्रायव्हर. त्यांची गाडी पायदळाच्या एका पलटणीला जोडून दिलेली, आणि गाडीबरोबर तेही. मेघालयातल्या तुऱ्याकडून खाली उतरून जमालपूर, तिथून टांगाईल, तिथून ढाका, असा त्या पलटणीच्या ब्रिगेडचा रस्ता होता. हा रस्ता कुणाच्या आठवणीवर सोडायची गरज नाही, युद्धाच्या इतिहासात तो छापलेला आहे. १० डिसेंबरच्या रात्री जमालपूरच्या मागे आमची १ मराठा, म्हणजे जंगी पलटण, रस्ता अडवून बसली होती आणि निसटू पाहणारी पाकिस्तानी फौज तिच्यावर चालून आली. त्याआधी ब्रिगेडचे कमांडर ब्रिगेडियर क्लेर यांनी जमालपूरच्या पाकिस्तानी कर्नलला शरण या असे पत्र पाठवले होते. त्याने उत्तर पाठवले ते बंदुकीच्या गोळीला गुंडाळून. पुढच्या भेटीत आपल्या हातात लेखणीऐवजी स्टेनगन दिसावी, अशा अर्थाचे. लेखणीवरचा तो टोमणा बाबू म्हणून मला आजही झोंबतो. तरी कबूल करतो की गडी मोठ्या ऐटीचा होता. सकाळपर्यंत त्याची पलटण मोडली आणि मराठ्यांच्या नावे जमालपूरचा युद्धसन्मान लागला.

११ तारखेला टांगाईलजवळ पुंगली पुलापाशी २ पॅरा छत्रीने उतरली. दुसऱ्या दिवशी खालून आलेली १ मराठा तिला जाऊन मिळाली. तात्या दारूगोळा भरलेली गाडी घेऊन मागाहून तिथे पोचले. त्यांच्या ध्यानात काय राहिले असेल? "पुलापाशी गाडी लावली, तर अंधारात कोन तरी मराठीत शिव्या देत हुतं. म्हटलं, इतक्या लांब आपली मान्सं?" तात्यांना ठाऊक नव्हते, पण २ पॅरा ही पूर्वीची ३ मराठाच. गोष्ट रचणाऱ्याला हा तपशील सुचणार नाही. सुचलाच, तर तो पुस्तक वाचून तरी आलेला असेल. तात्यांना वाचता येते ते बसच्या पाटीपुरते.

आता चूक कशी होते ते सांगतो. ज्यांनी फौज बाहेरून पाहिली त्यांना हे कळत नाही, आणि ज्यांनी आतून पाहिली ते सांगत नाहीत. फौजेत एखादी गोष्ट घडली म्हणजे घडली असे नसते. ती डी. ओ. पार्ट टू ऑर्डरमध्ये, म्हणजे युनिटच्या रोजच्या हुकुमात, छापून आली, तिथून रेकॉर्ड ऑफिसला पोचली आणि जवानाच्या शीट रोलवर, म्हणजे नोकरीच्या नोंदपत्रावर, चढली, की मग घडली. जवानाचे लग्न झाले तरी पार्ट टू निघेपर्यंत फौजेच्या लेखी तो बिनलग्नाचाच. पोरगी रांगायला लागते आणि कागदावर ती अजून जन्मायची असते. रजा, बढती, शिक्षा, हॉस्पिटल, मेडल, सगळ्यांची वाट एकच. या वाटेवर एका टेबलावर एक कागद अडकला, की माणसाच्या आयुष्यातला तेवढा तुकडा गळून पडतो.

लढाईचे स्टार आणि मेडल लढाई संपल्यावर जाहीर होतात. मग प्रत्येक युनिट नामावली करते, अमुक तारखेपासून अमुक तारखेपर्यंत अमुक भागात कोण कोण होते. नामावली करायला बाबू बसतो तोपर्यंत पलटण दुसरीकडे हललेली असते. कुणी बदलून गेलेला असतो, कुणी हॉस्पिटलात, कुणी घरी. सगळ्यात जास्त मार बसतो तो ॲटॅच्ड माणसाला. ड्रायव्हर, सिग्नलवाला, खेचरवाला, नर्सिंग असिस्टंट हे राहतात एका युनिटबरोबर आणि त्यांचे कागद असतात दुसऱ्याकडे. लढणारी पलटण म्हणते, हा आमच्या नामावलीतला नाही. मूळ कंपनी म्हणते, तो तेव्हा आमच्याकडे नव्हताच. ॲटॅच्ड माणूस म्हणजे लग्नातला आचारी. सगळी पंगत जेवते, पण फोटोत तो नसतो.

मी हे ऐकीव सांगत नाही. १९९९ नंतर आमच्या युनिटची ऑप विजयची, म्हणजे कारगिलच्या लढाईची, नामावली मी स्वतः टाइप केली. चार पाने होती, कार्बन लावून. त्यात एका शिपायाचे नाव राहिले. नामावली निघाली त्या आठवड्यात तो मिलिटरी हॉस्पिटलात होता, आणि मी त्या दिवशीच्या हजेरीवरून नावे उतरवली. बाबू घाईत असला की हेच करतो, समोरचा कागद खरा मानतो. वर्षाने तो पोरगा माझ्या टेबलासमोर सावधान उभा राहिला आणि म्हणाला, "साहेब, माझं चुकलं का काही?" मी दोन महिने खटपट करून ते नाव चढवले. तो पुढे येऊन उभा राहिला म्हणून कळले. न बोलता निघून गेलेले किती असतील, या विचाराने मला अजून कधी कधी झोप येत नाही.

तात्या असेच न बोलता निघून आले. त्यांना वाटले, स्टार रायफलवाल्यांना असेल, गाडीवाल्यांना कशाला देतील.

इथे एक गोष्ट स्पष्ट करतो, कारण आपल्या मंत्रालयातल्या नव्या अधिकाऱ्यांचीही यात गल्लत होताना पाहिली आहे. आम्ही शौर्यपदक मागत नाही. परमवीर चक्राची आखणी सावित्रीबाई खानोलकरांनी केली, त्या एका मराठी अधिकाऱ्याच्या घरच्या, त्याचा आम्हाला अभिमान आहे. पण ते चक्र, महावीर, वीर, यांची वाट वेगळी. तिथे कुणीतरी शिफारस करतो, साक्षी होतात, समित्या बसतात, आणि पन्नास वर्षांनी ते उकरून काढणे खरोखर कठीण आहे. पूर्वी स्टार, पश्चिमी स्टार, १९६५ चा समर सेवा स्टार, ही सगळी हजेरीची पदके. अमुक दिवशी अमुक मुलखात होतास, हा घे स्टार. त्यासाठी पेन्शनीत भत्ता वाढत नाही. पराक्रम सिद्ध करावा लागत नाही. फक्त हजर असावे लागते.

आणि हजेरीपट कुणाकडे असतो? मास्तरांकडे. इथे मास्तर पोराला म्हणतात, त्या दिवशी तू वर्गात होतास याचा लेखी पुरावा घेऊन ये.

मी तात्यांसाठी अर्ज लिहिला. ऑफिसचे नाव लिहीत नाही, कारण हे दुसऱ्या कुठल्याही ऑफिसात झाले असते. पहिले उत्तर पाच महिन्यांनी आले: सदर पदकाबाबत पार्ट टू ऑर्डरची नोंद आढळत नाही. ती आढळत नाही म्हणूनच तर अर्ज केला होता. मी पुन्हा लिहिले. दुसरे उत्तर: कृपया कागदोपत्री पुरावा सादर करावा. तात्यांनी डबा उपसला. जानेवारी १९७२ चे एक इनलँड निघाले, आईला दुसऱ्याकडून लिहवून घेतलेले, पत्ता 'मार्फत ९९ एपीओ'. तात्यांचा चेहरा उजळला, पण मला ठाऊक होते की याचा उपयोग नाही. ९९ एपीओ म्हणजे अख्खी पूर्व आघाडी. तेजपूरच्या डेपोत बसलेल्याचे पत्रही त्याच पत्त्यावरून निघायचे. युद्धात गुप्तता राखण्यासाठी केलेली सोय पन्नास वर्षांनी त्याच जवानाच्या आड आली. तरी पत्र जोडले. तिसरे उत्तर आले ते पहिल्या उत्तराची नक्कल, फक्त तारीख नवी.

तात्यांच्या गाडीची एक कार डायरी होती. फौजेतली प्रत्येक गाडी किती मैल चालली, कुठून कुठे गेली, कुणाच्या सहीने गेली, ते तिच्यात रोजच्या रोज लिहिले जाते. म्हणजे त्या डिसेंबरात लॉरी कुठे होती याची नोंद सरकारने ठेवली होती. लॉरी कोण चालवत होते तेवढेच राहून गेले.

तिसरे उत्तर वाचून दाखवले तेव्हा तात्या बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "बाबू, मंग म्या गेलोच न्हवतो का काय तिथं?"

तात्या निदान पेन्शनर आहेत, त्यांचा शीट रोल कपाटात आहे. त्यांच्यापेक्षा वाईट गत वेगळ्यांची. त्या काळी कितीतरी जवान सात वर्षे पलटणीत आणि आठ वर्षे रिझर्व्हमध्ये अशा करारावर असत. काही जण पेन्शन न बसता मधेच घरी आले. पेन्शन नसलेल्याचा सर्व्हिस रेकॉर्ड २५ वर्षांनी नष्ट करायचा, असा नियम आहे. उरतो तो लाँग रोल, त्यात माणसाच्या साऱ्या नोकरीला जागा एका ओळीची. शेजारच्या वाडीतल्या एक मावशी नवऱ्याचा हिरवट पडलेला फोटो घेऊन आल्या होत्या. फोटोत छातीवर पट्ट्या आहेत, कागदावर काही नाही. त्यांना मी काय सांगणार? नियमाप्रमाणे कागद जाळला, आता नियमाप्रमाणे तोच कागद दाखवा?

आपल्याकडे कागद नसते तर मी हे पत्र लिहिले नसते. १२ जुलै १९७३ ला अमेरिकेत सेंट लुइसच्या रेकॉर्ड केंद्राला आग लागली आणि १ कोटी ६० लाख ते १ कोटी ८० लाख जवानांच्या फायली खाक झाल्या. ते लोक काय करतात? पगाराची व्हाउचरे, रोजच्या हजेरीचे अहवाल, हॉस्पिटलच्या नोंदी, मिळेल तिथून तुकडे जमवतात आणि फाईल पुन्हा उभी करतात. रेकॉर्डमधली चूक किंवा अन्याय दुरुस्त करायला त्यांच्याकडे १९४६ च्या कायद्यापासून वेगळी मंडळे आहेत. अर्जाला तीन वर्षांची मुदत आहे, पण न्यायाच्या दृष्टीने योग्य वाटले तर ती माफ होते. त्यांच्या नौदलाने १९६९ ला लढाईत प्रत्यक्ष गोळीबाराला सामोरे गेलेल्यांसाठी एक पट्टी काढली आणि पुढे ती थेट ७ डिसेंबर १९४१ पर्यंत मागे नेली. अमेरिकेचे गोडवे गाण्यासाठी हे लिहीत नाही. त्यांचेही म्हातारे रांगेत ताटकळतात. पण त्यांच्याकडे आग लागली होती. आपली कपाटे धडधाकट उभी आहेत.

आणि आता तर ती उघडायची परवानगीही झाली आहे. आपल्याच मंत्रालयाने १२ जून २०२१ ला धोरण जाहीर केले. युद्ध डायऱ्या आणि तशा नोंदी आपल्या इतिहास विभागाकडे यायच्या, साधारण २५ वर्षांत गोपनीयता उठवायची, २५ वर्षांपेक्षा जुन्या नोंदी जाणकारांकडून तपासून राष्ट्रीय अभिलेखागाराकडे द्यायच्या. मी ती बातमी दोनदा वाचली. सगळा भर इतिहास लिहिण्यावर होता, पुढच्या चुका टाळण्यावर होता. त्याच डायऱ्यांतून तात्यांसारख्यांची हजेरी लागू शकते, हे कुणाला सुचले नसावे. युद्ध डायरीत ड्रायव्हरचे नाव नसेल, मान्य. पण कुठले युनिट कुठल्या तारखेला कुठे होते आणि त्याच्याबरोबर कुठली वाहने होती हे असते. शीट रोलवर जवान कुठल्या युनिटला कधी जोडला हे असते. दोन कागद शेजारी ठेवायचे आहेत. हे बाबूचे काम आहे, आणि आज ते संगणक करील.

तेव्हा माझे मागणे असे. अर्ज यायची वाट बघू नका. १९६५ आणि १९७१ च्या लढाईतल्या युनिटांची यादी हातात घ्या आणि रेकॉर्ड ऑफिसांना उलट्या बाजूने तपासायला लावा: या तारखांना या युनिटला असलेला किंवा जोडलेला कोणता जवान आहे, ज्याच्या रकान्यात स्टार नाही? युनिट तिथे होते हे सिद्ध असेल आणि माणूस युनिटला होता हे सिद्ध असेल, तर माणूस तिथे होता असे धरून चाला. नव्हता असे ज्या ऑफिसला म्हणायचे असेल, त्याने पुरावा आणावा. ज्यांचे रेकॉर्ड नियमाने नष्ट झाले त्यांच्यासाठी लाँग रोलची ती एक ओळ आणि जोडीच्या दोघांची साक्ष पुरेशी माना. आणि हे लवकर करा. १९७१ ला अठरा वर्षांचा असलेला सर्वांत कोवळा जवानही सत्तरी ओलांडून गेला आहे. १९६५ वाल्यांचे तर विचारूच नका. त्या वर्षी आपल्या खुर्चीत आमच्याच मुलखातले यशवंतराव चव्हाण होते. त्यांच्या वेळच्या जवानांचे हिशेब अजून चुकते झालेले नाहीत असे लिहिताना हात जड होतो.

लबाड लोक घुसतील, असे आपले अधिकारी म्हणतील. घुसतील. अठ्ठावीस वर्षांत मीही खोटे दाखले पाहिले आहेत. पण जो खोटे बोलून काही मिळवू पाहतो तो पेन्शन वाढवून घेईल, अपंगत्वाची टक्केवारी वाढवून घेईल. ज्या धातूच्या तुकड्याबरोबर एक रुपया येत नाही, त्यासाठी पंचाहत्तरीतला माणूस तीन-तीन अर्ज का करील?

कोर्टाचा रस्ता मला ठाऊक आहे. २००७ च्या कायद्याने आर्म्ड फोर्सेस ट्रायब्युनल झाले, मुंबईत त्याचे खंडपीठ आहे. अर्जाला सहा महिन्यांची मुदत, उशीर माफ होऊ शकतो. मी तात्यांना हे सुचवून पाहिले. ते असे काही माझ्याकडे बघायला लागले की जणू मी त्यांना बापावर खटला भरायला सांगितला. "पल्टनीवर केस?" एवढेच म्हणाले आणि उठले.

नातवाने वेगळाच उपाय काढला. छावणीच्या बाजारात सगळी मेडल विकत मिळतात, पट्टीसकट. रजेवर आलेले जवानही हरवलेले मेडल तिथूनच आणून लावतात. पोराने मोबाइलवर पूर्वी स्टारचा फोटो दाखवला, किंमतही दाखवली. दोन वेळच्या चहा-भज्यांइतकीही नसेल. तात्यांनी मोबाइल लांब धरून फोटो बघितला, आणि विचारले, "मागनं कसा हाय?" फोटोत मागची बाजू नव्हती. सरकारी स्टारच्या पाठीवर जवानाचा नंबर, हुद्दा आणि नाव कोरलेले असते. तात्यांनी मोबाइल परत दिला.

चौथा अर्ज या पत्रासोबत जोडत आहे. शीट रोलची माहिती, जोडणीच्या तारखा, इनलँडची झेरॉक्स, आणि त्या ब्रिगेडच्या मार्गाचा मी हाताने काढलेला नकाशा, असे एकूण अकरा कागद आहेत. तात्यांचा फोन नंबर अर्जावर दिला आहे. दिवसा ते रानात असतात आणि तिथे रेंज नसते, तेव्हा संध्याकाळी सहानंतर लावावा ही विनंती. आणि बोलणाऱ्याने जरा मोठ्याने बोलावे. दारूगोळ्याच्या गाडीजवळ एकदा काहीतरी फुटले होते, तेव्हापासून तात्यांना डाव्या कानाने कमी ऐकू येते. त्याचीही पार्ट टू निघालेली नाही.

आपला,
एक निवृत्त सुभेदार (क्लार्क),
जिल्हा सातारा